राहूचं पाणी, शिरूरचा संडास

माझ्या लहानपणी आमचं घर घोड्याच्या पाठीवर होतं. चार भांडी, घोंगड्या, कोंबड्यांची पाटी आणि वरती बसवलेली मी. पुढं मेंढरं, मागं आई. दिवाळी झाली की कोकणच्या वाटेला लागायचं आणि पाऊसकाळाच्या तोंडाला परत राहूच्या शिवारात यायचं. राहूला आमची जमीन होती म्हणायला, पण सगळा मुरूम. रात्री जिथं मेंढरं बसतील तिथं आमचं गाव.

कळपाचे म्होरके माझे चुलते. वडिलांचे थोरले भाऊ. सगळी पोरं त्यांना आबा म्हणायची. एका वर्षी वाटेत आबा मागं पडायला लागले. सारखे झुडपामागं जायचे आणि लवकर परत यायचे नाहीत. माणसं म्हणाली उष्णता झाली, मग म्हणाली मूळव्याध. ताक झालं, झाडपाला झाला, कुणीतरी दिलेली पुडी झाली. रक्त पडतंय हे त्यांनी माझ्या वडिलांनासुद्धा सांगितलं नाही. ती गोष्ट बोलायचीच नसते, असं आमच्यात होतं. शेवटी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आतड्यात गाठ आहे, आता फार वाढलीय. आबा गेले. जाण्याआधी त्यांनी एक काम करून ठेवलं होतं. मला घोड्यावरनं उतरवून दौंडच्या वसतिगृहात घातलं होतं. "हिला मेंढरामागं न्यायची न्हाई," असं त्यांनी भावाला बजावलं होतं.

मी शिकले. दौंडला बी.एस्सी. केलं, पुढं बी.एड. केलं. आमच्या भावकीत पदवीचा कागद घरात आणणारी मी पहिली. हे मी आजही सांगते, आणि विचारलं नाही तरी सांगते. कवठे येमाईच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. लग्न झालं, नवरा सणसवाडीच्या कारखान्यात. शिरूरला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. भाड्याच्या नाही, स्वतःच्या. आत नळ, आत मोरी आणि आत संडास. तोपर्यंत राहूच्या रानातही कॅनॉलचं पाणी फिरलं होतं. वडिलांनी मेंढरं कमी करून ऊस लावला होता, पक्कं घर बांधलं होतं. फक्त संडास बांधला नव्हता. एवढा ऊस उभा असताना संडास कशाला, असा त्यांचा हिशेब.

एकदा आमच्या शाळेत पोरांची आरोग्य तपासणी होती. आलेल्या डॉक्टरांशी बोलता बोलता मी आबांची गोष्ट सांगितली. त्यांनी कागदावरची मान वर केली.

"तुमचे वडील त्यांचे सख्खे भाऊ?"

"हो."

"मग वडिलांची आतड्याची दुर्बिणीनं तपासणी करून घ्या. काही त्रास नसला तरी. असं काही असेल तर लहान असतानाच सापडतं."

ते मला झोपू देईना. त्याच रविवारी मी राहूला गेले. आप्पा, म्हणजे माझे वडील, अंगणात दावं वळत बसले होते. मी सगळं नीट समजावून सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं.

"दुखत न्हाई, खुपत न्हाई," ते म्हणाले, "आन् आत दुर्बीण घालायची? कुठनं?"

मी सांगितलं कुठनं.

आईनं तोंडाला पदर लावला. आप्पांनी दावं खाली ठेवलं आणि शेजारचं कुणी ऐकत नाही ना हे बघितलं.

"तू मास्तरीण हाईस का कोन हाईस?"

मी काटकी घेऊन मातीत आतड्याची आकृती काढली, वर्गात फळ्यावर काढते तशी. आप्पांनी वाकून बघितली. "मेंढराचं आतडं म्या तुझ्यापरास जास्त बघितलंया," म्हणाले.

"मेंढराचं बघितलंय," मी म्हटलं. "आबांचं कुणी बघितलं होतं?"

आप्पांनी पुन्हा एकदा वाकून बघितलं. मग पायानं ती आकृती पुसली.

"कवा यायाचं?"

एवढ्या लवकर मानतील असं मला वाटलं नव्हतं. मी लगेच सांगायला सुरुवात केली. शिरूरच्या एका दवाखान्यात दर गुरुवारी पुण्याहून दुर्बीणवाले डॉक्टर येतात. आदल्या दिवशी नुसतं वरणाचं पाणी आणि बिनदुधाचा चहा. गुरुवारी सकाळी औषधाच्या दोन पुड्या, एकेक लिटर पाण्यात कालवून, थोडं थोडं करून प्यायच्या. त्यानं पोट अगदी धुऊन निघतं. म्हणून संडास हाताशी पाहिजे. उसात पळून जमायचं नाही. तर आदल्या दिवशीच माझ्याकडं या.

"लेकीच्या घरी?" आप्पा म्हणाले.

आता इथं सांगायला पाहिजे. आमच्यात नातवंड झाल्याशिवाय बाप लेकीच्या घरी जेवत नाही. जेवत तर नाहीच, पाण्याचा घोटही घेत नाही. लेकीला द्यायचं असतं, लेकीकडनं घ्यायचं नसतं. माझ्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं होऊन गेली होती आणि पाळणा हलला नव्हता. आप्पा शिरूरच्या बाजाराला यायचे तेव्हा माझ्या घरी यायचे. शेंगा, गूळ, कोंबडीची अंडी असं काहीबाही ठेवायचे, दारातल्या खुर्चीवर बसायचे आणि घशाला कोरड पडलेली असली तरी तसेच उठून जायचे. मी भरलेला तांब्या पुढं करायची सवय कधीच सोडली नाही, आणि त्यांनीही तो बाजूला सारायची सोडली नाही.

"जेवायचं तर न्हाईच म्हणती ती," आई म्हणाली. "मंग अडचण कसली?"

"पण पाणी लागणार ना," मी म्हटलं. "औषध पाण्यातच कालवायचं. वर साधं पाणीही भरपूर प्यायचं."

आप्पांनी पुन्हा दावं उचललं. "पाण्याचं माझं मी बघतो," म्हणाले.

ते काय बघणार हे मला बुधवारी संध्याकाळी कळलं. शिरूरच्या स्टँडवर मी आणि आमचे हे दोघं घ्यायला गेलो होतो. एसटीतून आधी आई उतरली आणि मागनं आप्पा. धोतर, लाल फेटा, आणि हातात डेअरीला दूध घालायची कॅन. झाकणाखाली फडकं घालून वरनं सुतळीनं आवळलेली. दहा लिटरची कॅन एका हातात घेऊन ते एका अंगाला कलले होते.

"मामा, दूध कशाला आणलं? तुम्हाला तर दूध बंद आहे," हे म्हणाले.

"दूध न्हाई पाहुणं. पाणी हाय. आपल्या हिरीचं."

वाटेत आईनं पुढची हकिगत सांगितली. चौफुल्यावर गाडी बदलताना कंडक्टरनं अडवलं, दुधाचं लगेज पडेल म्हणाला. आप्पांनी सुतळी सोडून त्याला पाणी दाखवलं. तो म्हणाला, "काका, शिरूरला पाणी नसतं का?" तर आप्पा म्हणाले, "असतंय की. पन ते लेकीचं हाय." कंडक्टरनं मुकाट्यानं कॅन आपल्या सीटजवळ ठेवून घेतली. बहुतेक त्यालाही लेक असणार.

त्या संध्याकाळी आप्पांनी आमच्याकडं आपल्या कॅनमधलं दोन पेले पाणी घेतलं, आणि जेवणाचा विषयच नसल्यामुळं फार मजेत होते. "आज पैल्यांदा लेकीच्या घरी मोकळ्या मनानं बसलो," म्हणाले. "कुनी जेवा म्हनत न्हाई."

सकाळी मी लवकर उठून चहा केला, माझा आणि आईचा. आमच्या ह्यांनी सुट्टी काढली होती. जावयानं सासऱ्याची सेवा करायची म्हणून त्यांनी माझ्याही आधी उठून आप्पांना अंघोळीला पाणी तापवून ठेवलं होतं. आप्पा अंघोळ करून आले आणि अंग पुसत म्हणाले, "शिरूरचं पाणी आपल्यागतच लागतंय की. अंगाला वळखीचं वाटलं." आम्ही कुणी लक्ष दिलं नाही.

मी पहिली पुडी ह्यांनी कॅनमधनं काढून दिलेल्या लिटरभर पाण्यात कालवली आणि आप्पांनीच आणलेल्या पेल्यात ओतून दिली. लिंबाचा वास आणि चव खारट. आप्पांनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मेंढरास्नी मीठ चाटवतो तसंच हाय हे."

"मग प्या की. मेंढरं तोंड वाकडं करतात का?"

"मेंढरास्नी मास्तरीण कुठं असती!"

पण प्यायले. थोड्या थोड्या वेळानं एकेक पेला, मध्ये खोलीतल्या खोलीत चकरा. आता खरी अडचण वेगळीच होती. डॉक्टरांनी मला बजावलं होतं की शेवटी बाहेर येतं ते पाण्यासारखं निवळ झालं पाहिजे, तरच आतलं दिसतं. म्हणजे मला रंग कळायला हवा होता. बापाला लेकीनं हे विचारायचं कसं? जावयानं तर विचारायचा प्रश्नच नव्हता. हे गॅलरीत जाऊन पेपर वाचत उभे राहिले. मी आईकडं बघितलं, आईनं आप्पांकडं बघितलं.

"अवं," ती म्हणाली, "मेंढरं उठली का?"

आप्पांना लगेच उमगलं. "न्हाई अजून. बसल्यात रवंथ करत."

झालं, भाषा ठरली. पुढचा सगळा कारभार मेंढरांवरच चालला. पेल्यामागून पेला गेला आणि आप्पा एकदम चकरा मारायचे थांबले. "उठली," म्हणाले. धोतर सावरत आत गेले. बाहेर आले तर चेहरा बघण्यासारखा होता. "उठली कसली, कळप फुटला!" आणि फेटा डोक्यावर घालायला घेतला तोच पुन्हा आत. त्यानंतर त्यांनी फेटा खुंटीलाच ठेवला. संडासातल्या टाकीची साखळी ओढली की वरनं पाणी कोसळायचं, त्याला ते सुरुवातीला बिचकायचे. दोन-चार फेऱ्या झाल्यावर साखळीवर असा काही हात बसला की ओढायच्या आवाजावरनं आम्हाला आतला अंदाज यायला लागला.

"आता वो?" आई दारातनं विचारायची.

"वढ्याला पूर आलाय. पन लई गढूळ हाय."

"थांबा, निवळंल."

स्वयंपाकघरात मी पदरात तोंड खुपसून हसत होते. ज्या गोष्टीचा आबांनी जन्मभर कुणापाशी उच्चार केला नाही, त्या गोष्टीवर आमच्या घरात सकाळच्या उन्हात मोठमोठ्यानं चर्चा चालली होती. आणि लाज कुणालाच वाटत नव्हती.

पहिली पुडी संपली. ओढा अजून गढूळच होता. मी दुसरी पुडी फोडायला कॅनकडं गेले. कॅन तिरकी केली. तळाशी पेलाभर पाणी.

"आप्पा, कॅन गळकी होती का?"

"गळकी? रोज दूध घालतो तिच्यात."

"मग पाणी गेलं कुठं?"

गॅलरीतला पेपर खाली आला. आमचे हे दारात येऊन उभे राहिले, कान लाल झालेले.

"अंघोळीला," म्हणाले.

"काय अंघोळीला?"

"मला वाटलं, मामांना आपल्या पाण्यानं अंघोळसुद्धा चालत नसेल. म्हणून त्यांच्याच कॅनमधलं तापवलं."

मी कॅन सरळ करून ठेवली. मग आप्पांना हसू फुटलं. पोट धरून हसताना त्यांना आत पळावं लागलं आणि तिथनंही हसण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आल्यावर म्हणाले, "तरीच म्हणलं पाणी वळखीचं कसं! पाहुणं, तुमी मला माज्याच हिरीत बुडवून काढलं."

हसून झालं, पण दुसरी पुडी अजून माझ्या हातातच होती. दुसरी पुडी प्यायली नाही तर तपासणी होणार नाही. डॉक्टर पुढच्या गुरुवारीच येणार. आणि आप्पा पुन्हा घर सोडून या कामाला येतील याची मला खात्री नव्हती. एकदा माघारी गेलेलं हे माणूस पुन्हा वळवून आणणं किती अवघड, हे मला चांगलं ठाऊक होतं. राहूला जाऊन पाणी आणायचं तर दुपार उलटणार.

"हुयाचं तेवढं झालंया," आप्पा म्हणाले. "तेवढ्यावर भागंल."

"नाही भागणार. ओढा गढूळ आहे," मीही त्यांच्याच भाषेत बोलले.

आमच्या ह्यांनी चप्पल घातली. "मी दुकानातनं बाटलीचं पाणी आणतो."

"इकत?" आप्पांचे डोळे मोठे झाले. "पाणी इकत घ्यायचं? मंग आजवर येवढी मेंढरं पाजली, त्येचं किती झालं असतं?"

"मामा, दवा म्हणून समजा."

"न्हाई. आन् पैसं तुमी देनार. म्हंजी परत लेकीचंच झालं."

मी तांब्या भरला आणि त्यांच्यापुढं धरला. "आप्पा, आजच्या दिवस. माझ्यासाठी."

त्यांनी तांब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. हात उचलायचं मनात आलंही असेल, पण तो गुडघ्यावरच राहिला. "बाय, येक दिस मोडली तर मंग ती रीत कसली," म्हणाले. रागानं नाही, अगदी हळू. मी तांब्या तसाच धरून उभी राहिले.

तेवढ्यात समोरच्या दारातली भाभी आत आली. ती उत्तर प्रदेशातली. नवरा सणसवाडीलाच कामाला. आमची दारं समोरासमोर, दोन्ही उघडी, आणि आप्पांचा आवाज मेंढरांना हाक मारायच्या सवयीचा. तिला सगळं कळलेलं होतं.

"बाबूजी," ती म्हणाली, "हमारे यहाँ भी बाप बेटी के घर का पानी नहीं पीता. मेरे पिताजी आए थे, चना और सत्तू गाँव से बाँध के लाए. वही खाया, वही दरवाजे पर बैठे रहे. पानी भी स्टेशन के नल का." तिनं पदर डोक्यावर ओढला. "आप मेरे घर का पी लीजिए. मैं तो आपकी बेटी नहीं हूँ ना."

आप्पांना हिंदी जेमतेम. पण एवढं त्यांना शब्दन् शब्द कळलं. ते आईकडं वळले.

"हिचा बाप बी पीत न्हाई म्हनती."

"न्हाई म्हनती."

"शाना मानूस दिसतोय." मग जरा विचार करून म्हणाले, "हिच्या घरचं चालंल."

माझ्यातली विज्ञानाची बाई गप्प बसेना. "आप्पा, अहो बिल्डिंगला बोअर एकच आहे! तिच्या नळाला येतं तेच माझ्या नळाला येतं."

"हीर कुनाची ते कोन बघतंय? हंडा कुनाचा ते बघायाचं."

बी.एस्सी. झालेली असले तरी हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. मी पुडी घेऊन भाभीच्या घरी गेले. तिनं घासून लख्ख केलेलं पातेलं काढलं, मोजून पाणी घातलं आणि ते औषध अशा हातानं ढवळलं की जणू सणाचं सरबत करतेय. आपल्या दारात खुर्ची मांडली. आप्पा तिच्या दारात बसून प्यायचे आणि कळप उठला की पॅसेज ओलांडून आमच्या घरात पळायचे. पुन्हा तिच्या दारात. पुन्हा आमच्यात. वरच्या मजल्यावरनं भाजी आणायला निघालेल्या बाया जिन्यात थांबून बघायला लागल्या. भाभी प्रत्येकीला हात नाचवून समजावून सांगत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. कुणाचा तरी बाप शेवटी तिच्या घरचं पाणी पीत होता.

अशाच एका फेरीला आप्पा आत असताना आईनं दाराबाहेरनं टोमणा मारला.

"अवं, लेकीच्या घरचं पाणी चालत न्हाई, मंग संडास कसा चालतो वो?"

आतनं लगेच उत्तर आलं. "लेकीकडनं घ्यायाचं नसतं. द्यायाला कुनी बंदी केलीया?"

आणि साखळी ओढली.

अख्खा मजला हसला. आमचे हे गॅलरीच्या कठड्याला धरून हसत होते. भाभीला मी कसंबसं हिंदीत सांगितलं, तशी ती खालीच बसली. मला आठवत नाही, त्या दोन खोल्यांत याआधी आम्ही कधी एवढं हसलो असू.

शेवटचा पेला संपला. जरा वेळानं आप्पा बाहेर आले, शांतपणे हात धुतले, फेटा उचलला आणि बांधायला लागले.

"आता?" आईनं विचारलं.

"निवळ झालं. तळाचं गोटं दिसत्यात."

दवाखान्यात त्यांना हिरवा सदरा घालायला दिला, मागनं उघडा. आप्पांनी तो उलटा घातला, पुढनं उघडा. नर्सनं सुलटा करायला सांगितला तर म्हणाले, "शिवणारा चुकला असंल." शेवटी तडजोड झाली. सदरा त्यांच्या पद्धतीनं, फेटा आमच्याकडं, आणि धोतर अगदी शेवटच्या क्षणापर्यंत आप्पांकडं. आत जाताना मला म्हणाले, "तू भाईर थांब. पन लांब जाऊ नगंस."

मी बाहेरच्या बाकावर त्यांचा फेटा मांडीवर घेऊन बसले. हसणं आता सगळं संपलं होतं. फेट्याला मेंढरांचा, उसाच्या पाचटाचा आणि आमच्या संडासातल्या फिनेलचा वास येत होता. आबांचा फेटाही असाच कुणीतरी मांडीवर घेऊन पुण्याच्या दवाखान्यात बसलं असेल. बहुतेक आप्पाच. त्यांनी कधी सांगितलं नाही.

डॉक्टरांनी मला आत बोलावलं. मी विज्ञान शिकवते हे आप्पांनी गुंगीचं इंजेक्शन घेताना त्यांना दोनदा सांगितलं होतं म्हणे. टीव्हीसारख्या पडद्यावर आतडं दिसत होतं. गुलाबी, ओलसर, वळणावळणाचं. मी इतकी वर्षं फळ्यावर पांढऱ्या खडूनं काढत आले ते हे असं असतं.

"सफाई फार छान झालीय," डॉक्टर म्हणाले. "सगळं निरोगी आहे. फक्त इथं एक बारीक कोंब होता, मोहरीएवढा. तो काढून टाकला. पुण्याला तपासायला पाठवतो, पण दिसायला साधा आहे. राहिला असता तर पुढं कधी वाढला असता. आता प्रश्न मिटला."

मी आप्पांच्या कानाशी वाकून सांगितलं. ते अर्धवट गुंगीत होते.

"गोचीड हुती," पुटपुटले. "काढली."

नंतर बाहेरच्या खोलीत झोपवलं, तेव्हा नर्स दर थोड्या वेळानं येऊन विचारायची, "आजोबा, वारा सरला का?" पोटात हवा भरलेली असते, ती निघून गेल्याशिवाय घरी सोडत नाहीत. आप्पांनी डोळे न उघडता माझ्याकडं बोट केलं. "लेक बसलीया." मी उठून बाहेर गेले. दार लावून घ्यायच्या आत नर्स हसत म्हणाली, "झालं! सोडा घरी."

घरी येईपर्यंत दुपार कलली होती. रिक्षात आप्पा मान टाकून बसले होते. जिना चढताना जावयानं एका बाजूनं धरलं. आप्पा आत आले आणि आज दारातल्या खुर्चीवर न बसता सरळ स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जमिनीवर बसले.

"बाय," म्हणाले, "भूक लागली. भाकर हाय का?"

मी आईकडं बघितलं. आई तोंडावर बोट ठेवून उभी. मी भाकरी पितळीत कुस्करली, वर कोमट दूध ओतलं आणि पुढं ठेवली. आप्पांनी काला केला आणि दोन दिवसांच्या उपाशी माणसानं खावं तसं खाऊ लागले. आमचे हे दारातच थबकले.

अर्धी पितळी संपली, तसे आप्पांचे डोळे नीट उघडले. दूध पोटात गेलं तशी गुंगी उतरत होती. त्यांनी भिंतीकडं बघितलं, फळीवरच्या माझ्या डब्यांकडं बघितलं, मग पितळीकडं.

"हे घर कुनाचं?"

"लेकीचं," आई म्हणाली. "जेवलात तुमी लेकीच्या घरी."

त्यांचा हात थांबला. समोर भाभीची कढई वाजलेली ऐकू आली. मला वाटलं, आता पितळी बाजूला सारतील. तांब्या सारतात तशी.

"गुंगीत खाल्लेलं धरायाचं नसतं," आप्पा अखेर म्हणाले.

"मग?" मी विचारलं.

त्यांनी पितळीतला राहिलेला काला बोटांनी गोळा केला, खाल्ला, बोटं चाटली. मग पितळी माझ्यापुढं केली.

"आता शुद्धीत हाय. वाढ."

मी वाढली. आई वळून उगाचच शेगडी पुसायला लागली. आमच्या ह्यांनी भाभीला हाक मारली. ती आली, दारातनं एकदा आप्पांच्या पितळीकडं बघितलं आणि पदरानं डोळे टिपत परत गेली. जेवण झाल्यावर आप्पांनी माझ्या हातातला तांब्या घेतला, वरनं धार धरून घटाघटा पाणी प्यायले आणि म्हणाले, "राहूच्या पान्यापरास जरा मचूळ हाय."

पुढं पुण्याहून कोंबाचा रिपोर्ट आला, साधाच निघाला. आप्पांनी त्या उन्हाळ्यात राहूला संडास बांधला. साखळीची टाकी शिरूरहून स्वतः निवडून नेली. काही काळानं मला मुलगी झाली आणि आप्पा रीतीप्रमाणं माझ्या घरी जेवायला मोकळे झाले, पण तोवर ते कितीदा तरी जेवून गेले होते. माझ्या वडिलांची तपासणी पार पडली, आतडं निरोगी निघालं, आणि ते माझ्या घरी पोटभर जेवले.